देवासचं तिसरं कलम

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला मुद्दाम कोणी प्रवासाला बोलावत नाही. गणिताच्या बाईंना शिकवण्या मिळतात, संगीताच्या बाईंना मंगळागौरीची आमंत्रणं येतात. आमचा विषय वीस मार्कांचा, तोही इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं 'विधानसभा म्हणजे काय' एवढं घोकून येतात आणि पेपर झाला की गावाबाहेर टाकून देतात. कऱ्हाडच्या शाळेत उभा जन्म मी हेच शिकवलं. त्यामुळे देवासहून अण्णाचा फोन आला आणि तो म्हणाला, "शालू, तुझं शास्त्र घेऊन ये, आम्हाला घटना करायची आहे," तेव्हा मला आधी वाटलं हा थट्टा करतोय.

अण्णा माझा मावसभाऊ. तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, सडपातळ, ताठ आणि हट्टी. त्याचे पणजोबा की खापरपणजोबा संस्थानात कारकून होते, तेव्हापासून हे लोक देवासचे. तिथे मराठी माणसांची दोन मंडळं होती, दोन्ही आता मरायला टेकलेली. ती एक करायची, त्यात धारची मंडळीही घ्यायची आणि सव्वीस जानेवारीला नवी घटना मंजूर करायची, असा बेत होता. "प्रजासत्ताक दिन! किती छान विचार केलात," मी म्हटलं. अण्णा म्हणाला, "विचार कसला? त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते."

मी बॅग भरली. गाडीचा प्रवास काय सांगायचा! सगळ्या गाड्या सारख्याच आणि घोरणारेही सारखेच.

देवास, पहिला दिवस

सकाळी दार उघडलं ते रश्मीनं, अण्णाच्या सुनेनं. मी तिला लग्नात पाहिलेलं, तेव्हा ती भरजरी शालूच्या घोळात हरवलेली होती. आता तिशी ओलांडलेली, हिंदी शाळेत गणित शिकवणारी, कपाळावर आठी न घालता चार कामं एकदम करणारी बाई समोर उभी होती. वाकून नमस्कार करून म्हणाली, "या आत्याबाई. हातपाय धुऊन घ्या, पोहे तयार आहेत. जीरावन चालतं नी तुम्हाला?"

जीरावन म्हणजे इथला आंबट-तिखट मसाला. पोह्यांवर तो, वर मूठभर शेव, शेजारी गरम जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरून वर लिंबू पिळतात आणि तेवढ्यानं पाहुणचार झाला म्हणतात. मी ऐटीत चमचाभर जीरावन घातलं आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून नाकातून पाणी! वहिनी, अण्णाची बायको, पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, "वन्सं, हळू! हे मालवा आहे, इथे सगळं बेतानं घालायचं."

वन्सं! हा शब्द मी शेवटचा माझ्या आईच्या तोंडून ऐकला होता. आणि मग रश्मी आतून म्हणाली, "मामंजींचा चहा झालाय, त्यांना बोलवा." मामंजी! आमच्या कऱ्हाडात सासऱ्याला आता 'पप्पा' म्हणतात. मी वहिनींच्या कानात विचारलं, "ही कुठल्या घराण्यातली?" त्या म्हणाल्या, "बदनावरची. तिच्या वडिलांचं मंडीत धान्याचं दुकान आहे. घरी मालवी बोलतात. इथे आली तेव्हा तिला 'पाणी दे' एवढंसुद्धा मराठी येत नव्हतं."

मी थक्कच झाले. अण्णाचा मुलगा निखिल, अस्सल मराठी आईबापांचा, माझ्याशी बोलताना तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरत होता. "आत्या, मी काल रात्रीच सोच करून राहिलो होतो की तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येऊ," असं त्याचं मराठी. बोलणं तरी बरं, मराठी वाचायला दिलं की तो कागद असा धरतो की जणू त्यावर बिलच आलंय. आणि ही बदनावरची मुलगी 'मामंजी' म्हणते. मला ती पहिल्या घासालाच आवडली, हे कबूल करते.

दुपारी अण्णानं मसुदा माझ्यापुढे ठेवला. व्यवस्थित लिहिलेला. नाव, उद्देश, सभासद, साधारण सभा, कार्यकारिणी, निवडणूक, तक्रारी, दुरुस्ती. माझे हात शिवशिवायला लागले! इतकी वर्षं फळ्यावर काढलेले चौकोन इथे खरे होणार होते. मी लाल पेन काढलं. साधारण सभा सगळ्यांच्या वर असावी. कार्यकारिणीनं तिला हिशेब द्यावा. तक्रार ऐकणारा माणूस कार्यकारिणीतला नसावा. अध्यक्ष दोन मुदतींपेक्षा जास्त बसू नये. अण्णा रसायनशास्त्राचा, त्याला हे सगळे 'नखरे' वाटत होते. "एवढ्या लहान मंडळाला एवढी वेगवेगळी माणसं कशाला?"

उत्तर रश्मीनं भांडी पुसता पुसता दिलं. "मामंजी, गणपतीच्या पंगतीत स्वैपाक करणारा, वाढणारा आणि मीठ बरोबर आहे की नाही हे सांगणारा, तिघं वेगळे पाहिजेत नी? एकच असला तर तो म्हणणारच, मीठ बरोबर आहे."

अण्णानं मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी लाल पेन घेऊन मागे वळले आणि तिसऱ्या कलमावर अडखळले.

"ज्या व्यक्तीची मातृभाषा मराठी आहे व जिचे वय अठरा वर्षे पूर्ण आहे, अशी देवास अथवा धार येथे राहणारी व्यक्ती सभासद होऊ शकेल."

मी अण्णाकडे पाहिलं, मग स्वैपाकघराकडे. "अण्णा, रश्मीची मातृभाषा काय?"

"रश्मीची?" त्यानं चष्मा वर केला. चेहऱ्यावर असा काही कोरा भाव आला की मला हसूच फुटलं. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं! घरात दिवसभर मराठी बोलणारी सून, गणपतीत मंडळाच्या मुलांना आरत्या शिकवणारी, आपल्या मुलीला मराठी वाचता यावं म्हणून आधी स्वतः शिकलेली. ती मराठी नाही असं त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं, म्हणून तर त्यानं असा नियम लिहिला होता. ही चूक या घरातच होऊ शकते.

पण हसू फार टिकलं नाही. अण्णा चष्मा खाली करून म्हणाला, "अगं ती घरची आहे. तिला कोण अडवणार?"

"तुझा नियम अडवतो."

"नियम बाहेरच्यांसाठी असतो," तो म्हणाला आणि पान उलटलं. माझ्या अंगाची लाही झाली. अहो, नियम बाहेरच्यांसाठी असतो! हे वाक्य नववीच्या पोरानं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

संध्याकाळी भाजी निवडताना मी रश्मीजवळ बसले. सांगावं की नाही, या विचारात होते. तीच म्हणाली, "तिसरं कलम ना? मी वाचलंय, आत्याबाई. मामंजींचा मसुदा मीच तर कॉम्प्युटरवर टाकला."

"मग बोलली का नाहीस?"

ती मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. "वाटलं, ते स्वतः बघतील. त्यांनी बघावं असं वाटतं. मी सांगून त्यांनी माझ्यासाठी करावं, तर ती मेहरबानी झाली नी? तुम्ही पण सांगू नका."

मी तर सांगून बसले होते. तसं तिला म्हटलं. ती हसली, "मग ठीक आहे. आता बघू काय करतात."

टेकडी

दुसऱ्या दिवशी देवीच्या टेकडीवर गेलो, मी आणि वहिनी. गावाच्या उशाला ही टेकडी आहे. वर दोन देव्या, मोठी माता तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. दोघी बहिणी, भांडल्या आणि निघून चालल्या होत्या, भक्तांनी विनवणी केली तेव्हा जिथं होत्या तिथं थांबल्या, अशी कथा सांगतात. वहिनी म्हणाल्या, "देवासात काहीही एक नसतं, वन्सं. देवी दोन, राजे दोन."

हे खरं आहे. पूर्वी दोघे भाऊ इथे आले आणि राज्य दोघांत वाटलं गेलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण बाजारातून हद्द गेलेली. रस्त्याच्या या अंगाला एक सरकार आणि त्या अंगाला दुसरं. दोघांचे दरबार वेगळे, दोघांचे कारकून वेगळे. संस्थानं विलीन होऊन किती पिढ्या उलटल्या, पण माणसांच्या मनातून हद्द गेलेली नाही. म्हणून मराठी मंडळंही दोन.

खाली उतरायला निघालो तर माझ्या चपला गायब. वहिनींनी विचारलं, "मोठ्या मातेकडे काढल्या की धाकटीकडे?" मला आठवेना. तेवढ्यात प्रसादवाला म्हणाला, "धाकटीकडे बघा, माई, सगळे तिथंच विसरतात." धाकटीकडेही नव्हत्या. शेवटी वहिनींनी त्याच्याकडून प्लास्टिकच्या सपाता घेऊन दिल्या, गुलाबी, वर फुलं असलेल्या. पुढचे सगळे दिवस मी त्याच घालून हिंडले, राज्यघटनेच्या चर्चेतसुद्धा.

संध्याकाळी बापूसाहेब आले. धाकट्या पातीच्या मंडळाचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, आवाजात नगारा. अण्णाच्या प्रत्येक वाक्याला विरोध करणं हा त्यांचा नेम. त्यांची एकच मागणी, अध्यक्ष दोन असावेत.

"बघा ताई, मतलब असा आहे की गावात दोन राजे नांदले, मग दोन अध्यक्षांनी काय बिघडतंय?"

"बापूसाहेब, दोघांचं मत वेगळं पडलं तर?"

"तर काही होणार नाही. आत्ताही काही होत नाहीच."

मला हसू आवरेना. अण्णा मात्र लाल झाला. अर्ध्या तासाच्या भांडणानंतर ठरलं, एकच अध्यक्ष, पण एका मुदतीला एका पातीचा, दुसऱ्या मुदतीला दुसऱ्या पातीचा. पहिली सभा अण्णानं चालवायची. बापूसाहेब जाताना मला म्हणाले, "तुमचा भिया चांगला माणूस आहे, पण त्याला कागदावरची माणसं जास्त आवडतात." हे मी अण्णाला सांगितलं नाही.

धार

तिसऱ्या दिवशी धारला गेलो. निखिल गाडी चालवत होता, मी आणि अण्णा मागे. इंदूर सुटलं की काळ्या मातीत गव्हाची हिरवी ओंबी, मध्येच हरभरा आणि लसणाची शेतं. आमच्याकडे या दिवसांत उसाची तोडणी चालू असते, रस्ते ट्रॅक्टरनं अडलेले. इथे मोकळंच मोकळं. मला बरं वाटलं आणि मी पुन्हा विषय काढला. आता निखिलसमोरच.

"अण्णा, तिसरं कलम."

या वेळी अण्णा चिडला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "शालू, तू कऱ्हाडात राहतेस. तिथे दुकानाची पाटी मराठी, भांडण मराठी, बसचा कंडक्टर मराठी. तुला भाषा जपावी लागत नाही. इथे माझा मुलगा मराठी वाचत नाही. माझ्या नातीला मी 'ळ' म्हणायला शिकवतो तर ती हसते. पुढच्या पिढीत इथे 'मराठी मंडळ' म्हणजे फक्त गणपतीचा मंडप राहील. सभासद कोण हे सैल सोडलं की बाकी सगळं सैल सुटतं. त्या मंडपात मग फिल्मी गाणीच वाजतील."

निखिल पुढून म्हणाला, "पापा, पण मराठी तर रश्मीच वाचते. मी कुठे वाचतो."

"म्हणूनच तर म्हणतो, तिला आपण मानद सभासद करू. खास ठराव करून, हार घालून."

मला अण्णाचं म्हणणं चुकीचं वाटलं, पण त्याचं दुःख खोटं नव्हतं. आम्ही मराठीच्या देशात बसून मराठीकडे ढुंकून बघत नाही. माझी नात इंग्रजीत रडते. आणि इथं हा माणूस एका अक्षरासाठी नातीच्या मागे धावतोय. मला त्याच्याबद्दल एकदम माया दाटून आली आणि वादाची हौसच गेली.

धारचा किल्ला लाल दगडाचा, उन्हात भाजलेल्या विटेसारखा. तिथे थोडं हिंडून आम्ही रामभाऊंच्या घरी गेलो. रामभाऊंचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले, ते घोड्यांची खोगिरं शिवणारे. घोडे गेले, पण हाताला कातडं आणि दाभण ठाऊक होतं. आता रामभाऊ गाड्यांची सीटकव्हरं शिवतात. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. मंडळात कधी या घरांना कोणी बोलावलं नव्हतं. मंडळ म्हणजे कारकुनांचं आणि मास्तरांचं. या वेळी अण्णा स्वतः आला होता, ही मोठीच गोष्ट.

रामभाऊंच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, पानिये केले होते. मक्याच्या पिठाचे जाड गोळे पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, बरोबर उडदाची डाळ आणि वर तूप. पानाचा वास पिठात उतरतो. मी तीन खाल्ले. चौथा घेताना अण्णानं माझ्याकडे असं पाहिलं की तोही शास्त्राविरुद्ध असावा. मी तो घेतलाच.

"या ना सव्वीसला," अण्णा म्हणाला. "तुम्ही आमच्यातलेच आहात."

सुशीलाबाईंनी पदर सावरला. "भिया, बोलावता ते बरंय. पन तिथं आमी बोललो की लोक हसतात. आमची बोली अर्धी मालवी हे. 'आमी' म्हटलं की तुमच्या बाया एकमेकींकडे बघतात."

अण्णा म्हणाला, "कोण हसतं? तुम्ही या. फक्त 'आमी' नाही, 'आम्ही' म्हणायचं."

निखिल गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवायला लागला. अण्णाला काय झालं ते कळलं नाही, तो डाळ वाढून घेत होता. रामभाऊ हसून म्हणाले, "येऊ, येऊ. पाहुण्याचं कोण मोडतं?" पण सुशीलाबाई हसल्या नाहीत. निघताना मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तुम्ही याच. मी वाट बघते." त्या म्हणाल्या, "तुमच्या चपला लई छान हेत." गुलाबी सपाता! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पुन्हा देवास, सव्वीस जानेवारी

सकाळी झेंडावंदन झालं. ज्या शाळेच्या सभागृहात आम्ही जमलो तिथं अजून मुलांनी लावलेल्या कागदी पताका होत्या. थोरल्या पातीचे लोक डावीकडे बसले, धाकट्या पातीचे उजवीकडे. कोणी सांगितलं नव्हतं, पायच तिकडे वळले. मध्ये चालायची वाट. धारहून रामभाऊ आणि सुशीलाबाई आले आणि त्यांना कुठं बसावं कळेना, तेव्हा वहिनींनी त्यांना आपल्या शेजारी ओढून घेतलं.

प्रत्येक कलम मोठ्यानं वाचायचं, मग हात वर करून मंजूर करायचं, अशी पद्धत ठरली होती. वाचायचं कोणी? अण्णाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, फार वेळ वाचलं की डोळ्यांना पाणी येई. बापूसाहेबांचा चष्मा घरी राहिला होता. तरुण मंडळी एकमेकांना ढकलत होती. एकानं पहिल्या कलमाचं पहिलं वाक्य वाचलं आणि 'सर्वसमावेशक' या शब्दापाशी असा अडकला की सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. अण्णा वैतागून म्हणाला, "रश्मी, तू वाच बाई."

रश्मी उठली. निळी साडी, हातात कागद. पहिलं कलम वाचलं, नाव. मंजूर. दुसरं, उद्देश. मंजूर. तिचा आवाज सरळ, न थांबणारा, एकही शब्द अडला नाही. मी खुर्चीत आखडून बसले होते. मला माहीत होतं पुढे काय आहे. तिलाही माहीत होतं.

तिनं तिसरं कलम वाचलं, शेवटपर्यंत, त्याच आवाजात. मग कागद टेबलावर ठेवला.

"मामंजी, हे कलम मंजूर झालं तर पुढची कलमं दुसऱ्या कोणी वाचावीत. मी मग सभासद नाही. पाहुण्यानं घटना वाचणं बरं दिसत नाही."

अण्णाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. तो उठून म्हणाला, "अगं, तुझ्यासाठी ठराव आणणारच होतो. मानद सभासद. सगळ्यांच्या समोर, मानानं."

रश्मी म्हणाली, "मला मान नको, मामंजी. मत पाहिजे."

आणि ती मधल्या वाटेनं चालत जाऊन मागच्या दारापाशी उभी राहिली. रागावून नाही. दाराला टेकून, हात बांधून, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी.

बापूसाहेब उठले. आल्यापासून प्रथमच मला वाटलं, या माणसाला अण्णाला विरोध करायची सवय आहे हे किती चांगलं आहे! "माझी दुरुस्ती आहे. 'ज्याच्या घरी मराठी बोलली जाते, किंवा ज्याला ती बोलायची आहे,' असं करा. बस."

"अनुमोदन कोणाचं?" अण्णानं विचारलं. आवाज कोरडा होता, पण पद्धत त्यानं सोडली नाही.

वहिनींच्या शेजारून सुशीलाबाई उठल्या. "आमी देतो. आमी... आमची बोली कशी बी असो, पन पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं मराठीच म्हनतो नी? ती सून वाचत होती तेव्हा मला सगळं समजलं. दुसऱ्या कोनाचं समजलं नसतं."

कोणी हसलं नाही. एकाही बाईनं दुसरीकडे बघितलं नाही.

मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शंका काढली, बरोबर शंका, मला त्यांना शाबासकी द्यावीशी वाटली. "मत कोण देणार? जिच्याबद्दल प्रश्न आहे ती सुद्धा देणार का? आणि मालवी बोलणारे बाकीचे?"

अण्णा माझ्याकडे वळला. "शालू, तुझं शास्त्र काय म्हणतं?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयावर कोणाचं काहीतरी अवलंबून होतं. मी म्हटलं, "घटना मंजूर होईपर्यंत तिच्यातला नियम कोणाला बाहेर काढू शकत नाही. आज जे इथे आले, तेच ती करणारे. उद्या कोण आत, कोण बाहेर, हे तेच ठरवणार. असंच सगळीकडे सुरू होतं."

अण्णापुढे काय निवड होती ते मला दिसत होतं. तो सभेचा अध्यक्ष होता. 'फक्त जुने सभासद मत देतील' असं म्हणाला असता तर कोणी काही बोललं नसतं आणि त्याचं कलम टिकलं असतं. तो म्हणाला, "बरोबर आहे. या सभागृहात बसलेले सगळे मत देतील. सुना, जावई, धारचे, सगळे. रश्मी, तूसुद्धा. आत येऊन बस."

दुरुस्तीच्या बाजूनं हात वर करा, असं तो म्हणाला. उजवीकडचे हात आले. डावीकडचे आले. निखिलचा हात, रामभाऊंचा, सुशीलाबाईंचा. मागच्या ओळीत रश्मीचा. आणि सगळ्यांत उंच, बांगड्या खळखळवत, वहिनींचा. त्या अण्णाकडे बघतही नव्हत्या. संसारात प्रथमच त्यांनी नवऱ्याच्या विरोधात चारचौघांत हात वर केला आणि तो खाली घ्यायची त्यांना घाई नव्हती. मी कऱ्हाडची पाहुणी, मत देणं मला बरं दिसलं नसतं. माझा हात मी दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला होता.

"विरोधात?"

चारदोन म्हाताऱ्यांचे हात वर गेले. आणि टेबलामागून अण्णाचा.

त्यानं रश्मीकडे पाहिलं, रश्मीनं त्याच्याकडे. हात वरच होता. मला आधी राग आला, मग कळलं. त्याला खरंच पटलेलं नव्हतं. भाषा बुडेल ही त्याची भीती तशीच होती. सून लाडकी आहे म्हणून त्यानं ती भीती खोटी केली नाही.

त्यानं हात खाली घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दुरुस्ती बहुमतानं मंजूर. माझं मत विरुद्ध होतं, तसं इतिवृत्तात लिहा."

मी इतकी वर्षं फळ्यावर 'बहुमत' लिहिलं. त्याची व्याख्या पोरांकडून पाठ करून घेतली. बहुमत म्हणजे हरलेल्या माणसाचा आवाजही असतो, हे मला त्या दिवशी देवासात पहिल्यांदा ऐकू आलं. माझे डोळे भरून आले आणि पुसायला रुमालही नव्हता. गुलाबी सपातांकडे बघत बसले.

अण्णानं टेबलावरचा कागद ओढला. स्वतःच्या पेनानं, स्वतःचीच ओळ स्वतः खोडली. बापूसाहेबांना विचारून विचारून नवीन ओळ लिहिली, 'बोलायची'वर चुकून अनुस्वार पडला, तो पुन्हा खोडला. मग कागद हातात घेऊन तो मधल्या वाटेनं चालत मागच्या ओळीपर्यंत गेला. दोन्ही पात्यांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या.

त्यानं कागद सुनेपुढे धरला.

"वाच. आणि आता तू सभासद आहेस, मध्येच उठून दाराशी जायचं नाही. कलम चौथं."

रश्मीनं कागद घेतला, उभी राहिली आणि वाचायला लागली.